माशी म्हणजे कोणती माशी?

आमच्या हयातीचीं बहुतेक वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. पीकनुकसानीच्या पंचनाम्यांत 'माशी पडल्यामुळें पीक गेलें' हें वाक्य आमच्या हातून किती वेळां लिहिलें गेलें याची गणती नाहीं. कोणती माशी, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. सांगणारासही तें ठाऊक नसे, आणि नमुन्यांत तसा रकानाही नव्हता.

गेल्या रब्बींत या अज्ञानाची किंमत आम्हांस स्वतःच्या शेतांत मोजावी लागली. करडईवर मावा पडला. त्याच वेळीं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या लहान माशा पिकावर हवेंत एकाच जागीं थबकून उडतांना दिसूं लागल्या. दोघे एकदम आले, तेव्हां दोघेही चोर, असा न्याय लावून आम्हीं औषध फवारलें. माशा नाहींशा झाल्या. मावा पंधरवड्यांत पहिल्याहून दाट आला. पुढें शेजारच्या एका जाणत्या शेतकऱ्यानें आपल्या शेतांतील एक पान उलटून आम्हांस बिनपायाची हिरवट अळी दाखविली. ती मावा तोंडांत धरून शोषीत होती. ती त्याच पट्टेरी माशीची अळी! अशी एकेक अळी वाढतांना शेंकडों मावा फस्त करते. आम्हीं आपलाच राखणदार मारला होता.

या माशीस पुष्कळ लोक मधमाशी समजतात. परंतु मधमाशीस पंख चार. खऱ्या माशीस दोनच, व मागील पंखांच्या जागीं टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक दांडे असतात. ही खूण ध्यानांत आली म्हणजे नांवांचा घोटाळाही उकलतो. कपाशीवरील पांढरी माशी ही माशी नव्हेच. तिला चार पंख असून ती माव्याच्या गोतांतली आहे.

खऱ्या माशांतही भेद आहेत व ते पैशाचे आहेत. आंब्यावरील फळमाशीचे पंख बहुतेक स्वच्छ, कडेस मात्र काळसर रेघ. कारल्या-काकडीवरील माशीच्या पंखांवर तपकिरी पट्टे व टोंकाशीं डाग, आणि पाठीवर मधोमध एक जादा पिवळी रेघ. पहिलीचे नर मिथिल युजेनॉलच्या सापळ्यांत येतात, दुसरीचे क्यू-ल्युअरच्या. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवांत टांगून 'सापळे कुचकामी' म्हणणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. ज्वारीच्या खोडमाशीची गोष्ट याहून निराळी. पोंगा वाळलेला दिसतो तेव्हां अळीनें आंतला कोंब खाऊन टाकलेला असतो. त्या ताटावर फवारणी व्यर्थ. रोप कोंवळें असतांनाच पानाखालचीं पांढरीं, लांबट अंडीं शोधलीं पाहिजेत, व खरिपांत पेरणी लांबवूं नये.

कोणी म्हणतील, शेतकऱ्यानें काय माशांचे पंख मोजीत बसावें? बैल घेतांना आपण त्याचे दांत मोजतोंच कीं!

आमची सूचना एवढीच कीं, संघानें एक चांगलें भिंग व चार-सहा कांचेच्या बाटल्या घ्याव्या आणि दर हंगामीं एक दिवस शिवारफेरी काढावी. पहिली फेरी आमच्या करडईच्या तुकड्यावर करण्यास आमची आडकाठी नाहीं. यंदा तेथें अद्याप फवारा मारलेला नाहीं.