पैसे घेताना पिन कशाला?

जुने कपाट विकावयाची जाहिरात द्यावी, घटकाभरात कोणी सभ्य गृहस्थाने घासाघीस न करता सौदा पक्का करावा आणि 'पैसे जमा होण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका' असे मोठ्या अदबीने सांगावे, हा प्रकार आता इतका रूढ झाला आहे की त्याला बळी पडणाऱ्यांत सुशिक्षितही असतात याचा विस्मय वाटेनासा झाला आहे. वस्तुतः यूपीआयच्या व्यवहारात पिन म्हणजे आपल्या खात्यातून रक्कम काढण्यास आपण दिलेली मंजुरी. रक्कम स्वीकारताना तिचे प्रयोजनच नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी धाडण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, हे उचितच, किंबहुना उशिरा झाले. परंतु क्यूआर कोडाची वाट अद्याप मोकळी आहे. पडद्यावर 'पे' हा शब्द स्पष्ट असतो, मात्र फोनवरचा मनुष्य तो वाचण्याची उसंतच देत नाही, आणि संकोची विक्रेत्याला फोन ठेवून देणे हा असभ्यपणा वाटतो! तरीही रक्कम गेलीच, तर लाजेखातर गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार गुदरावी. चोरट्याने ती पुढे वळती करण्यापूर्वीच गोठविता येते.