विश्लेषण : राखणीसाठी स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक रायफल शेतकऱ्याला घेता येते का? फायदा किती, धोका किती?

धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे पाचशे किलोमीटर अंतर कापून तो इथवर आला होता. त्याला पकडण्याचे वन विभागाचे प्रयत्न बराच काळ चालले. या काळात धाराशिव, कळंब आणि शेजारच्या बार्शी तालुक्यात रात्री शेतावर जाणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली. ज्वारी, हरभरा, मका आणि उसात शिरणाऱ्या रानडुकरांचा त्रास तर वाघाच्या आधीपासूनचा. अशा वेळी राखणीसाठी बंदूक असावी, ही चर्चा पारावर होतेच. त्यात मोबाइलवर परदेशातील स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचे व्हिडीओ दिसतात आणि ‘आपल्याकडे हे का नाही?’ असा प्रश्न पडतो.

सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हणजे काय?

साध्या बोल्ट ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. तेव्हा रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत हेच काम गोळी उडाल्यावर तयार होणाऱ्या वायूच्या दाबाने किंवा धक्क्याने आपोआप होते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण दुसरी लगेच तयार असते. चाप दाबून धरल्यावर गोळ्यांचा वर्षाव करणारी पूर्ण स्वयंचलित रायफल वेगळी.

अमेरिकेत १९६४ पासून विकली जाणारी रुगर १०/२२ ही या प्रकारातील लोकप्रिय रायफल. तीन-चारशे डॉलरला ती तिथे मिळते. ससे, खारी आणि नेमबाजीच्या सरावासाठी ती वापरली जाते. रानडुकरासारख्या दांडग्या जनावरासाठी तिची पॉइंट २२ गोळी अपुरी ठरते. जनावर जागीच पडत नाही, जखमी होऊन पळते. जखमी रानडुक्कर तर माणसावरच चाल करून येते.

फायदे कोणते सांगितले जातात?

पहिला फायदा वेगाचा. नेम चुकला तर दुसरी गोळी लगेच झाडता येते, नजर लक्ष्यावरून हटत नाही. दुसरा, खांद्याला बसणारा धक्का तुलनेने कमी. तिसरा, किंमत. मोठ्या प्रमाणावर उत्पादन होत असल्याने परदेशात ती सामान्यांच्या आवाक्यात आहे.

पण किंमत कमी ठेवण्यासाठी कुठे तरी काटकसर होते. यंत्रणेत फिरते भाग जास्त असल्याने धूळ, ओल आणि हलक्या प्रतीचे काडतूस यामुळे ती अडकते. नियमित साफसफाई न केल्यास ऐन वेळी दगा देते. बोल्ट ॲक्शन रायफल त्या मानाने साधी आणि भरवशाची असते.

भारतात ती मिळू शकते का?

सर्वसामान्य नागरिकाला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ नुसार सेमी-ऑटोमॅटिक रायफली प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि पीकसंरक्षण हे त्यासाठीचे कारण ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान सात ते कमाल चौदा वर्षे कारावासाची तरतूद आहे. म्हणजे ‘स्वस्तात मिळतेय’ म्हणून कुणी असे शस्त्र देऊ केले, तर ती खरेदी नसून तुरुंगाची वाट आहे.

परवान्यावर मिळणाऱ्या रायफलींमध्ये इच्छापूर कारखान्याची पॉइंट ३१५ स्पोर्टिंग रायफल ओळखीची आहे. ती बोल्ट ॲक्शन आहे.

मग शेतकऱ्याला कोणती बंदूक मिळू शकते?

याचे उत्तर कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली दुसरी बंदूक देता येते. बारा बोअर ही त्यातलीच. रायफल या तरतुदीत येत नाही. तिच्यासाठी वेगळे, सबळ कारण दाखवावे लागते.

हा भेद केवळ कागदी नाही. रायफलीच्या नळीत आतून पेचदार आटे असतात. त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. पॉइंट ३१५ ची गोळी चुकली तर किलोमीटरभर अंतरावरही जीव घेऊ शकते. बारा बोअरचे छर्रे साधारण ४० मीटरपर्यंत परिणामकारक असतात आणि पुढे त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. धाराशिव, कळंब, वाशी, भूम, परांडा भागात घरे गावठाणापुरती नाहीत. शेतवस्त्या रानोमाळ विखुरलेल्या आहेत. हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाजवळच असतात. रात्री मोटार सुरू करायला निघालेला शेजारी कोणत्या बांधावर आहे, हे अंधारात कळत नाही. कळप दिसताच भराभर पाच-सात गोळ्या झाडण्याची सोय इथे फायदा न ठरता सर्वांत मोठा धोका ठरते.

परवाना मिळाला म्हणजे जनावर मारता येते का?

नाही. इथेच अनेकांची गल्लत होते. शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्यासाठी कलम ११ नुसार वन विभागाची लेखी परवानगी लागते. काळवीट, बिबट्या आणि वाघ अनुसूची एकमध्ये आहेत. पीक खाल्ले म्हणून काळवीट मारणे हा तीन ते सात वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने केलेल्या कृतीला कायद्यात संरक्षण आहे, राखणीला नाही.

येडशी परिसरासाठी आणखी एक अट आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. म्हणजे जिथे भीती सर्वाधिक, तिथेच परवाना सर्वांत अवघड.

बंदुकीचा खरा खर्च किती?

खरेदीची किंमत हा पहिला आणि लहान खर्च. त्यानंतर पोलीस पडताळणी, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण, घरात कुलूपबंद ठेवण्याची व्यवस्था, काडतुसांचा हिशेब आणि पाच वर्षांनी नूतनीकरण येते. निवडणुकीत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. ती ऐन सुगीत आली तर राखण पुन्हा काठी आणि बॅटरीवरच. घरात बंदूक असली की भाऊबंदकी आणि बांधाचे वाद यांनाही वेगळी धार येते.

शेजारच्या बीडचा अनुभव यासाठी महत्त्वाचा. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या हत्येनंतर त्या जिल्ह्यातील बाराशेहून अधिक शस्त्र परवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचे समोर आले आणि अनेक परवाने रद्द करावे लागले. अशा प्रकारांनंतर छाननी कडक होते आणि त्याचा फटका खऱ्या गरजू शेतकऱ्यालाही बसतो.

मग पर्याय काय?

नुकसान झाल्यास लगेच वन विभागाकडे अर्ज आणि पंचनामा, हा पहिला मार्ग. भरपाईला उशीर होतो, रक्कम तुटपुंजी वाटते, ही तक्रार खरी आहे. पण नोंदच नसेल तर रानडुकरांच्या उपद्रवाचा पुरावाही उरत नाही आणि मारण्याची परवानगी मागताना हात रिकामे राहतात. सौर कुंपणाचा झटका जनावराला हुसकावतो, मारत नाही. याउलट तारेत थेट वीज सोडणे माणसांच्याही जिवावर बेतते आणि तो गुन्हा आहे.

मूळ प्रश्न मात्र शेतकरी रात्री रानात का असतो, हा आहे. राखण हे एक कारण. कृषिपंपाला रात्री मिळणारी वीज हे दुसरे. दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० गावोगावच्या फीडरपर्यंत जितक्या लवकर पोहोचेल, तितक्या लवकर निदान पाणी देण्यासाठी तरी अंधारात उतरावे लागणार नाही. वाघाच्या भीतीवर तोच उपाय रायफलीपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे.