दोष पावाचा की पिठाचा?

“रोज रोज पाव खाऊ नये, पोटाला चांगला नाही,” हे वाक्य कधीच उच्चारले गेले नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. गंमत अशी, की त्यातल्या बहुतेक घरांत सकाळच्या चहाबरोबर पाव, खारी किंवा टोस्ट असतोच. पोळीबद्दल मात्र अशी तक्रार कोणी करीत नाही. पोळी गव्हाची आणि पावही गव्हाचाच. मग एक गुणी आणि दुसरा अवगुणी कसा? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न तसाच सोडून देता कामा नये.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. दोष पावाचा नाही, पिठाचा आहे. आणि तो दूर करणे आपल्या हातात आहे. परदेशात ज्यांना ताज्या दळलेल्या पिठाचा पाव घरी करावासा वाटतो, त्यांना बहुधा त्यासाठी घरगुती चक्की विकत घ्यावी लागते. आपल्याकडे मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी असते. डबा घेऊन जायचे, डोळ्यांदेखत गहू दळून घ्यायचा आणि गरम पीठ घरी आणायचे, ही आपल्याला अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे. तिचे मोल आपण ओळखलेले नाही.

दाण्याच्या आत काय असते?

गव्हाचा एक दाणा उभा कापून भिंगाखाली पाहा. बाहेरची तपकिरी आवरणे म्हणजे कोंडा. वजनाने तो दाण्याच्या सुमारे १४ टक्के भरतो. एका टोकाला चिमुकला अंकुर असतो, तो जेमतेम अडीच-तीन टक्के. उरलेला सुमारे ८३ टक्के भाग म्हणजे भ्रूणपोष, अर्थात रोपट्याला पहिले काही दिवस पुरावी म्हणून साठवलेली शिदोरी. तिच्यात मुख्यतः पिष्ट आणि प्रथिने असतात. तंतू, खनिजे व ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा कोंड्यात व अंकुरात असतो. अंकुरात तेल आणि ‘ई’ जीवनसत्त्वही असते.

मैदा म्हणजे केवळ भ्रूणपोषाचे पीठ. पूर्वीही पीठ चाळून पांढरे करीत, पण दगडी जात्यात अंकुर पिठातच भरडला जाई आणि तो पूर्णपणे वेगळा काढता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीतील बुडापेस्टच्या गिरण्यांत धातूच्या रुळांनी दळण्याची पद्धत विकसित झाली व ती लवकरच अमेरिकेत पसरली. रुळांमध्ये तेलकट अंकुर दळला न जाता चपटा होतो आणि चाळणीवर अलगद अडकतो. तेल निघून गेल्याने असा मैदा महिनोन्‌महिने खवट होत नाही. लांबवर पाठवता येईल असे टिकाऊ पीठ वाढत्या शहरांना त्यामुळे मिळाले, हा त्या यंत्राचा उपकार नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याची किंमत पडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांवरून दिसते, की १०० ग्रॅम कणकेत तंतुमय पदार्थ सुमारे ११ ग्रॅम असतात, तर मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी. लोहही मैद्यात निम्म्याहून कमी उरते. धान्याचा कोंडा काढल्याने काय होते, याचा धडा जगाला आधी तांदळाने दिला होता. जावा बेटावर डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात दिसले, की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंडायुक्त तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४२ पासून पांढऱ्या पावाऐवजी ‘नॅशनल लोफ’ नावाचा पाव सुरू केला. त्यात गव्हाचा सुमारे ८५ टक्के भाग वापरला जाई. जहाजांतील जागा वाचली आणि लोकांच्या पोटात जीवनसत्त्वेही गेली. लोकांना तो करडा पाव आवडत नसे, हेही खरे. १९५६ साली तो बंद झाला.

ताजेपणाचे खरे आणि खोटे

अख्ख्या गव्हाच्या पिठाची बाजू घेणारे कधी कधी भलत्याच गोष्टी सांगतात. दळल्यावर चोवीस तासांत सारी जीवनसत्त्वे नाहीशी होतात, हे त्यांतलेच एक विधान. ते खरे नाही. ‘ब-१’ सारखे जीवनसत्त्व कोरड्या पिठात बऱ्यापैकी टिकते. हळूहळू घटते ते ‘ई’ जीवनसत्त्व आणि बिघडते ते तेल. दाणा अख्खा असतो तोवर अंकुरातले तेल आणि त्याचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दळताना हे कप्पे फुटतात, तेल हवेला उघडे पडते आणि पिठाला काही आठवड्यांत खवट, कडसर वास येऊ लागतो. म्हणजे अख्खा दाणा ही निसर्गाने दिलेली बंद बरणीच होय. ती कधी उघडायची ते आपण ठरवावे, एवढाच ताज्या पिठाचा साधा अर्थ.

गिरणीतून आणलेले पीठ मात्र लगेच डब्यात कोंडू नये. ते परातीत पसरून निवू द्यावे. नाहीतर वाफ आत अडकून पिठाला गुठळ्या होतात. पावासाठी तर निववणे आवश्यकच, कारण यीस्ट सुमारे ५५ अंश सेल्सिअसला मरते. ज्वारी-बाजरीच्या दळणावर लगेच गहू टाकू नये, असा आग्रह घरोघरी धरला जातो. पाव करणाऱ्याने तो जरूर धरावा. कारण पुढे येतेच आहे.

पाव फुगतो कसा?

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले की त्यांचे एक चिवट, लवचीक जाळे बनते, तेच ग्लूटेन. इटलीतील बोलोन्याचे वैज्ञानिक याकोपो बेक्कारी यांनी पीठ धुऊन ते वेगळे केले आणि १७४५ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ज्वारी-बाजरीत असे जाळे बनत नाही. म्हणून भाकरी थापावी लागते आणि म्हणूनच त्यांच्या पिठाची भेसळ पावाला मानवत नाही.

या जाळ्यात फुगे भरण्याचे काम यीस्ट करते. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती साखर खाऊन कार्बन डायॉक्साइड व अल्कोहोल तयार करते. आंबवण्याची क्रिया जिवंत पेशी घडवून आणतात, हे लुई पाश्चर यांनी १८५७ नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. हिशोब करून पाहा: एका ग्रॅम ग्लुकोजपासून शून्य अंश तापमानाला सुमारे पाव लिटर वायू मिळतो! ही साखर वरून घालावीच लागते असे नाही. दगडी चक्कीत दळताना पिष्टाचे पुष्कळ कण फुटतात. फुटलेल्या कणांवर विकरांची क्रिया होऊन त्यांची साखर बनते. फुटलेले कण पाणीही जास्त पितात, म्हणून आपल्या कणकेला मैद्यापेक्षा जास्त पाणी लागते.

मग अख्ख्या गव्हाचा पाव दडस का होतो? कारण कोंड्याचे कण ग्लूटेनच्या पातळ पडद्यांना जागोजाग छेद देतात आणि वायू निसटतो. उपाय सोपा आहे. पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास नुसते झाकून ठेवावे. कोंडा भिजून मऊ होतो व जाळे आपोआप जुळू लागते. तरीही हा पाव बाजारच्या पावाइतका हलका होणार नाही. तशी अपेक्षाही ठेवू नये. त्याला चव असते, आणि त्याच्या दोन कापांनी पोट भरते.

आणखी एक मुद्दा पोळीच्या कैवाऱ्यांनी लक्षात घ्यावा. कोंड्यात फायटिक आम्ल असते. ते लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते व शरीराला ती खनिजे नीट मिळू देत नाही. पीठ आंबत असताना फायटेज नावाचे विकर या आम्लाचे विघटन करते. म्हणजे या एका बाबतीत, अख्ख्या पिठाचा सावकाश आंबवलेला पाव हा कणीक मळून लगेच लाटलेल्या पोळीच्याही पुढे जातो. आंबवण्याचे हे शहाणपण आपल्याला परके नाही. इडली-डोसा आहेच, आणि गोव्यातले पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पाव फुगवीत. ‘पाव’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगिजांकडूनच मिळाला.

करून पाहा

लोकवनसारखा नेहमीचा पोळीचा गहू पावाला चालतो. बन्सी आणि खपली गव्हाचे ग्लूटेन वेगळ्या गुणाचे असते. शेवया व खीर यांसाठी ते उत्तम, पण त्यांचा पाव कमी फुगतो. बारीक दळलेले, न चाळलेले ३०० ग्रॅम पीठ घ्या. त्यात सुमारे २३० मिलिलिटर पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवा. मग ३ ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट (सुमारे एक चहाचा चमचा), ५ ग्रॅम मीठ आणि एक मोठा चमचा तेल घालून दहा मिनिटे चांगले मळा. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल असावा. आपल्या हवेत तो तासाभरात फुगतो. जवळजवळ दुप्पट झाला की हलकेच दाबून, आकार देऊन, तेल लावलेल्या डब्यात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने २०० अंशांच्या भट्टीत ३० ते ३५ मिनिटे भाजा. भट्टी नसेल तर जाड लोखंडी कढईत दोन बोटे वाळू घालून ती दहा-पंधरा मिनिटे तापवा, वर तिवई ठेवून तिच्यावर डबा ठेवा आणि घट्ट झाकणाखाली मध्यम आचेवर पाऊण तास भाजा. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. पावाच्या बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. तो निवेपर्यंत कापू नका. आतले पिष्ट अजून स्थिरावत असते.

काही आक्षेप

“एवढा वेळ आहे कोणाला?” असे कोणी म्हणेल. तीन तासांत हाताचे काम जेमतेम पंचवीस मिनिटांचे आहे. बाकीचे यीस्ट करते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पहाटे उठून जात्यावर दळण्यात आपल्या आज्या-पणज्यांची आयुष्ये झिजली. त्या कष्टांतून निघालेल्या ओव्यांचे आपण कौतुक करतो, पण विजेच्या गिरणीने त्यांचा दंड वाचवला हे विसरतो. तेव्हा ‘घरचे ते चांगले’ म्हणत आणखी एक काम आईच्या माथी मारायचे असेल, तर असा पाव न केलेलाच बरा! गिरणीत डबा नेण्यापासून पाव भाजण्यापर्यंतचे सारे काम मुलामुलींनी करावे. मुलांनी तर विशेष करून करावे.

ज्यांना सीलिअॅक विकार आहे त्यांना गव्हाचे ग्लूटेन वर्ज्यच आहे. ताज्या पिठाने त्यात फरक पडत नाही. आणि रोज घरी पाव करणे सर्वांना जमणार नाही, हेही मान्य. अशा वेळी विकतचा घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. पाव तपकिरी दिसला म्हणजे तो अख्ख्या गव्हाचा झाला असे नव्हे; रंग कॅरमेलनेही आणता येतो. वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंब्यांचे कितीही सुंदर चित्र असो, तो मैद्याचाच पाव होय. पाव फुगावा म्हणून पिठात घातले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट आपल्या देशात २०१६ साली बंद झाले. तेही कोणीतरी पाव प्रयोगशाळेत नेऊन तपासल्यावरच!

शिक्षकांना विनंती

आठवी-नववीच्या वर्गात पुढील तीन प्रयोग अगदी थोड्या खर्चात होतात. एक: १०० ग्रॅम पीठ बारीक चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा तोलावा आणि गिरणीच्या व पिशवीतल्या पिठाची तुलना करावी. दोन: कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन ग्लूटेन वेगळे करावे, निघालेल्या पांढऱ्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग पिष्टाची साक्ष देतो. हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करावा. तीन: दोन सारख्या बरण्यांत कणकेचा व मैद्याचा यीस्ट घातलेला गोळा ठेवून दर दहा मिनिटांनी उंचीची नोंद करावी व आलेख काढावा. त्या एका आलेखात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही येतात.

गल्लीतली गिरणी गिऱ्हाइकांवर जगते. आपण सगळेच तयार पिठाच्या पिशव्या आणू लागलो, तर एक दिवस तिचा पट्टा फिरायचा थांबेल आणि आपल्या पिठात काय आहे हे डोळ्यांनी पाहण्याची सोयही तिच्याबरोबर जाईल. पुढच्या रविवारी दोन किलो गहू निवडा, डबा उचला आणि गिरणीत रांगेला उभे राहा. पाव पहिल्या खेपेला बसका झाला तर का बसला ते शोधा: पाणी कमी पडले, यीस्ट जुने होते, की मळणे अपुरे झाले? एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा करा. प्रयोगशाळेतही याहून वेगळे काही करीत नाहीत.