ॲव्होकाडो टोस्टचा हिशेब

तरुणांना घर का परवडत नाही, याचं उत्तर ऑस्ट्रेलियातले बांधकाम उद्योजक टिम गर्नर यांनी 2017 मध्ये टीव्हीवर दिलं: पहिलं घर घ्यायच्या वेळी आपण 19 डॉलरचा ॲव्होकाडो टोस्ट आणि चार-चार डॉलरच्या चार कॉफ्यांवर पैसे उडवत नव्हतो. त्यावर मीम्सचा पाऊस पडला. उद्धट पोरांची टवाळी म्हणून ती मीम्स झटकणाऱ्यांनी त्यांतला गुणाकार वाचलेलाच नाही. सिडनीत तेव्हा घराची मध्यक किंमत दहा लाख डॉलरच्या वर होती. कर्जासाठी वीस टक्के पदरचे घालायचे तर दोन लाख हवेत. आठवड्याचा एक टोस्ट सोडून वर्षाला वाचतात 988 डॉलर. म्हणजे दोनशे वर्षांचा उपास! व्याज धरलं तर मुदत घटेल खरी, पण घरांच्या किमती तोवर थांबून राहणार आहेत का? कित्येक मीम्स म्हणजे निव्वळ हीच आकडेमोड होती.

‘आम्हीही पोटाला चिमटा काढूनच घरं घेतली’ हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. 1989-90 च्या सुमारास तिथे गृहकर्जाचं व्याज 17 टक्क्यांवर गेलं होतं. पण ते व्याज कमाईच्या मानाने बेताच्या मुद्दलावर होतं आणि पुढे उतरलंही. आता मुद्दलच आवाक्याबाहेर गेलं आहे. शिवाय 1974 पासून विद्यापीठाचं शिक्षण मोफत होतं, 1989 मध्ये शुल्क परत आलं. घरमालकांना मात्र भाड्याने दिलेल्या घरातला तोटा पगारातून वजा करून कर वाचवता येतो. 1999 पासून मालमत्तेच्या नफ्यावरचा करही निम्म्यावर आला. या दोन्ही सवलतींना कात्री लावू म्हणणारा मजूर पक्ष 2019 ची निवडणूक हरला. हे सगळं कायद्याने घडलं आहे, नाश्त्याने नव्हे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: भांडण पिढ्यांचं नसून आहे रे आणि नाही रे यांचं आहे. उतारवयातही भाड्याच्या घरात राहणारी माणसं ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत गरिबांमध्ये मोडतात; ज्येष्ठांना मारला जाणारा ‘ओके बूमर’ हा टोमणा मारत त्यांनाही एकाच दावणीला बांधणं अन्यायाचं आहे, हे मी मान्य करतो. पण टोस्टच्या मीम्सनी ज्यांना धारेवर धरलं ते गर्नर तेव्हा 35 वर्षांचे होते. त्यांचे केस पांढरे आहेत की काळे, हे कुणी पाहिलं नाही. धोरणांनी केलेलं नुकसान तरुणांच्या चारित्र्याच्या खाती मांडणं लोकांना झोंबलं, आणि ते झोंबायलाच हवं होतं.