कव्हर काढा, पण किल्ली लगेच फिरवू नका

छत्रपती संभाजीनगरात सिडको, गारखेडा, उस्मानपुरा, कुठल्याही जुन्या बंगल्यांच्या गल्लीतून संध्याकाळी एक फेरी मारा. एखाद्या फाटकाआड धुळीनं मळलेल्या कव्हरखाली गाडी उभी दिसतेच. कव्हर उचललं तर बऱ्याचदा ऑक्टाविया निघते, कधी लॉरा, कधी पहिल्या पिढीतली होंडा सिटी. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "चालू आहे की! फक्त वापर नाही आता." हे आवाहन त्या मालकांना आहे. अशी गाडी विकत घ्यावी असं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांनाही आहे.

आपल्या शहराचं या गाड्यांशी नातं जरा वेगळं आहे. स्कोडानं २००१ साली शेंद्र्यात ऑक्टाविया बनवायला सुरुवात केली. तेव्हा 'ही गाडी कुठली' या प्रश्नाला 'आमच्या जालना रोडची' असं उत्तर देता येत होतं. २००४ मध्ये तिची आरएस ही वेगवान आवृत्ती आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. आज हे आकडे ऐकून कॉलेजातली पोरं खांदे उडवतील, पण त्या काळात टर्बो म्हणजे डिझेल एवढंच आपल्याला माहीत होतं. पुढं २०११ मध्ये लॉरा आरएस आली, १.८ टीएसआय, १६० अश्वशक्ती, सहा गिअर. या दोन्ही गाड्यांचा खरा गुण असा की त्या दिसायला घरगुती आहेत. मागचं दार काचेसकट वर उघडतं, आत लग्नाच्या बॅगा मावतात, आजी मागच्या सीटवर आरामात बसते, आणि मोकळा रस्ता दिसला की हीच गाडी पाठीत हलकासा धक्का देते. असा दुहेरी स्वभाव नव्या गाड्यांत मिळतो, पण त्यासाठी मोजावे लागणारे पैसे आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्यातले नाहीत. २०२० मध्ये आलेल्या ऑक्टाविया आरएस २४५ च्या देशभरासाठी दोनशेच गाड्या होत्या, त्याही बाहेरून आणलेल्या.

म्हणून सांगणं एवढंच की गाडी उभी ठेवू नका. चालवा, आणि कारखान्यानं जशी दिली तशी चालवा. उभी गाडी सुरक्षित असते हा आपला गोड गैरसमज आहे. सील वाळतात, ब्रेकची डिस्क गंजते, टायर एकाच जागी चपटे होतात, बॅटरी मरते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. त्यात मराठवाड्यातला मे महिना. चाळिशीपार गेलेल्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचे रबरी पाइप आणि प्लास्टिकचे जोड बिस्किटासारखे मोडतात.

मग कव्हर काढलं, नवी बॅटरी आणली आणि लगेच सेल्फ मारला, असं करू नका. गाडी वर्षभर किंवा त्याहून जास्त उभी असेल तर आधी बॉनेट उघडून टॉर्च मारा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आहे का ते पाहा. ऑइलची काडी काढा, कूलंटची बाटली पाहा, जमिनीवर डाग आहेत का ते बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. २००४ किंवा २०११ ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही. त्यानं इंजिन दुसऱ्या दिवशी बंद पडेल असं नाही, पण पेट्रोलचे जुने रबरी पाइप, सील आणि टाकीतला पंप यांच्यावर नजर ठेवावी लागते. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला की 'जाऊ दे' म्हणू नका. फिल्टर लवकर बदला आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी करू नका.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. १.८ टर्बोच्या ऑक्टावियात टायमिंग बेल्ट आहे. हा रबरी पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग जे बिल येतं त्यात दुसरी जुनी गाडी येते. पट्टा किलोमीटरनं म्हातारा होतो तसा वर्षांनीही होतो. त्यामुळे 'साठ हजारच चाललीये' हे म्हणणं इथं कामाचं नाही. आधीच्या मालकानं बेल्ट कधी बदलला याचं बिल हातात नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बदलताना नुसता पट्टा बदलून थोडे पैसे वाचवू नका. टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकदमच करून घ्या, कारण मजुरी तीच आहे आणि पंपाचा प्लास्टिकचा पंखा हा या इंजिनाचा जुना दुखरा भाग आहे. लॉराच्या १.८ टीएसआयला पट्ट्याऐवजी चेन आहे, म्हणून तिचे मालक निर्धास्त असतात. तसं राहू नका. त्या इंजिनात चेनचा टेन्शनर दगा देतो आणि काही इंजिनं ऑइल पितात. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना क्षणभर खडखड आली तर त्याच आठवड्यात दाखवा. ऑइलची काडी दर पेट्रोलला तपासायची सवय लावून घ्या.

कूलंटचं आपल्या गावापुरतं एक सांगणं आहे. इथं नळाला पाणी रोज येत नाही, बोअर आणि टँकरवर निम्मं शहर जगतं, आणि ते पाणी किती जड असतं हे गीझरची कॉइल बदलणाऱ्याला विचारा. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं तर आत क्षार बसणारच. वाटेत अडकलात तर गोष्ट वेगळी. एरवी कूलंट कंपनीनं सांगितलेलाच घाला आणि पातळ करायचा असेल तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. हिरवा आणि गुलाबी कूलंट एकमेकांत मिसळू नका.

टर्बोसाठी फार काही करावं लागत नाही. ऑइल चांगल्या प्रतीचं सिंथेटिक घाला आणि कंपनीनं दिलेल्या मुदतीच्या आधीच बदला. दामटून चालवल्यावर घराजवळचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या, म्हणजे टर्बो थंड होतो. इंजिन गरम होण्याआधी रेस करणारा माणूस आणि घाटातून वर येऊन लगेच किल्ली काढणारा माणूस, टर्बो खराब करण्याचं श्रेय दोघांना सारखंच.

मिस्त्री निवडताना घाई करू नका. कंपनीचं वर्कशॉप आणि बाहेरचं गॅरेज, जुन्या गाडीला दोन्ही लागतात. शेंद्र्याच्या प्लँटमध्ये वर्षानुवर्षं काम केलेली माणसं याच शहरात राहतात, त्यांच्या ओळखीतून चांगला फिटर सापडू शकतो. त्याची परीक्षा सोपी आहे. स्कॅनर लावून कोड आला की लगेच पार्ट बदलायला सांगणारा मिस्त्री टाळा. कोड फक्त तक्रार सांगतो, कारण शोधावं लागतं. समजा गाडी मिसिंग करतेय. या टर्बोत इग्निशन कॉइल जाणं नेहमीचं आहे, पण एखादा फाटलेला व्हॅक्यूम पाइपही तीच लक्षणं दाखवतो. चांगला मिस्त्री कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर लावून पाहतो आणि धूर सोडून गळती शोधतो. असा माणूस मिळाला तर त्याच्याशी पैशावरून घासाघीस करू नका. एक जादा कॉइल आणि प्लग डिकीत ठेवा, म्हणजे रात्री देवगाव रंगारीच्या पुढं कुणाची वाट पाहत बसावं लागणार नाही.

पार्ट मिळत नाहीत ही ओरड अर्धीच खरी आहे. त्या ऑक्टावियाचं इंजिन आणि खालचा सांगाडा फोक्सवॅगन समूहाच्या कितीतरी गाड्यांशी सामायिक आहे. पार्टवर छापलेला नंबर लिहून घ्या आणि तो नंबर घेऊन फिरा. 'ऑक्टावियाचं अमुक द्या' म्हटल्यावर नाही म्हणणारा दुकानदार नंबर दाखवल्यावर दुसऱ्या कंपनीच्या डब्यातून तोच पार्ट काढतो. हेडलाइट, दाराचं हँडल, आतली बटणं असली किरकोळ पण न मिळणारी चीज मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधा. माझं मत विचाराल तर आतली ट्रिम जुनी चालते, बुश आणि लिंक रॉड नावाजलेल्या कंपनीचे असतील तर बाहेरचेही चालतात. बेल्ट, ब्रेक आणि टायर यांत मात्र जुनं किंवा डुप्लिकेट घेऊ नका.

टायरचं वेगळं सांगायला हवं, कारण समृद्धी महामार्ग आपल्या दाराशी आला आहे. सावंगीला चढलं की गाडी आपोआप पळायला लागते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसत असली तरी सहा वर्षांवरचे टायर घेऊन उन्हाळ्याच्या दुपारी त्या काँक्रीटवर जाऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी ताशी १२० ची मर्यादा सहज ओलांडते, म्हणून ओलांडायची नसते. खरं तर सरळ सपाट समृद्धीवर अशा गाडीची मजाच नाही. मजा आहे ती खुलताबादवरून म्हैसमाळला चढणाऱ्या वळणांवर, पावसाळा सरताना, पहाटे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. वेग फार नसतानाही स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, ती ही गाडी. मात्र श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला तिकडे वळू नका, भद्रा मारुतीला पायी निघालेल्यांनी रस्ता भरलेला असतो. रविवारी दौलताबादच्या वेशीत तर गाडी ढकलत नेल्यासारखीच न्यावी लागते.

आता कागद. 'पंधरा वर्षं झाली, आता भंगारात' ही भीती दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरली. तिथला १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागापुरता आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि गाडी तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत. शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये लागतात. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. २०११ च्या लॉरांची पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात, त्यांच्या मालकांनी आरसीवरची तारीख आजच पाहावी. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये या शहरानं एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि आपण देशभर गाजलो. त्या गाड्याही २०२५ मध्ये याच रांगेत आल्या. एचएसआरपी नंबरप्लेट आणि पीयूसी हेही झालेलं असू द्या. विमा घेताना गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी म्हणेल तीच धरायची असं नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत दोघांच्या संमतीनं ठरते. केलेल्या कामाची बिलं दाखवा आणि बोला.

बदल करण्याची हौस आवरा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, जमिनीला टेकलेले स्प्रिंग, कुणीतरी लॅपटॉपवरून वाढवलेली ताकद, यावर जेवढे पैसे जातात तेवढ्यात सगळे बुश, शॉकअप आणि ब्रेक पाइप नवे होतात. गाडी खरी बदललेली वाटते ती या कामानंतर. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याची हरकत आहे ती वेगळीच. दरमहा ठरावीक रक्कम गाडीच्या नावानं बाजूला टाका, एखाद्या महिन्यात खर्च झाला नाही तरी काढू नका. ते जमणार नसेल तर ही हौस तुमच्यासाठी नाही, आणि हे गाडी घेण्याआधी ठरवलेलं बरं.

घरी कव्हरखाली गाडी आहे, पण वेळ नाही, पैसा नाही, मुलांना रस नाही, असं ज्यांचं आहे त्यांनी ती भंगारवाल्याला द्यायची घाई करू नये. अशी गाडी शोधणारे तरुण याच शहरात आहेत. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस बुक, जुनी बिलं एका पिशवीत भरून त्यांच्या हवाली करा. किंमत थोडी कमी घ्या, पण मीटर मागं केलेलं असेल किंवा अपघात झालेला असेल तर लपवू नका. आणि फॉर्म २९, ३० वर सही करून विषय संपला असं समजू नका. गाडी दिल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा. नवं आरसी घेणाऱ्याच्या नावावर निघालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तोवर समृद्धीवरचं चलन तुमच्याच मोबाइलवर येणार.