आप्पा कुठवर आले होते

आषाढातील अष्टान्हिका पर्व सुरू व्हायला तीन दिवस उरले होते. जयसिंगपूरच्या त्या घरात सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून मंडळी दिवाणखान्यात येऊन बसली होती. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा नातू दोन दिवसांच्या सुटीवर आला होता, आणि त्याच्या हाती एकच काम सोपवलेले होते. चातुर्मासातले प्रवचन यंदा यूट्यूबवर थेट दाखवणार होते. पण टीव्हीमागच्या संगणकावर यूट्यूबचे पूरक महिनाभरापासून उघडत नव्हते. यंत्रातला कार्यक्रम जुना झाला आहे, तो अद्ययावत करावा लागेल, एवढे निदान नातवाने फोनवरच केले होते.

तो संगणक आप्पांचा. पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय, त्याला जोडलेली दोन टेराबाइटची डिस्क, आणि त्या डिस्कवर पंधरा वर्षांत जमवलेली प्रवचने, पंचकल्याणक पूजांची चित्रणे, कॅसेटवरून उतरवून घेतलेले जुने स्वाध्याय. यंत्रात लिबरइलेक नावाची प्रणाली होती. तिचे काम एकच, कोडी हा कार्यक्रम चालवणे. कोडी हा मूळचा एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी 2002 च्या सुमारास लिहिलेला मोफत कार्यक्रम. पुढे तो एक्सबॉक्सपुरता राहिला नाही आणि 2014 मध्ये त्याने आजचे नाव घेतले. आप्पांना हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना रिमोटची चार बटणे ठाऊक होती, आणि तेवढ्यावर त्यांनी अखेरची पाच वर्षे समयसार ऐकले.

त्यांची रीत ठरलेली होती. वीस-पंचवीस मिनिटे ऐकायचे, थांबवायचे, ग्रंथ उघडून ती गाथा पाहायची आणि वहीत चार ओळी लिहायच्या. अमृतचंद्राचार्यांच्या टीकेप्रमाणे समयसाराच्या गाथा 415; या गतीने घाई होण्याची भीती नव्हतीच. वही एकसष्टाव्या प्रवचनापाशी थांबली होती. त्यानंतर हात थरथरू लागला, लिहिणे सुटले. ऐकणे मात्र सुटले नाही. माघात ते गेले. तेव्हापासून आज्जींनी तो फोल्डर उघडला नव्हता. चातुर्मासात उघडेन, आणि आप्पा जिथे थांबले तिथूनच ऐकेन, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलेले नव्हते.

नातवाने काम झटपट केले. जुने मायक्रोएसडी कार्ड पाच वर्षांचे झाले होते. अशी कार्डे अखंड वापराने थकतात, तेव्हा नवे कार्ड घ्यावे हा त्याचा विचार चुकीचा नव्हता. त्याने बारावी आवृत्ती उतरवून घेतली, लॅपटॉपवरून नव्या कार्डावर लिहिली, कार्ड यंत्रात सरकवले आणि अर्ध्या तासात नवा, स्वच्छ पडदा समोर आला. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत होते. सेटिंगमध्ये जाऊन एरियल हा फॉन्ट निवडताच अक्षरे आली. यूट्यूब चालू लागले. गेल्या वर्षीच्या चातुर्मासातले एक प्रवचन लावून पाहिले, आवाज उत्तम होता. वडिलांनी जुने कार्ड खिशात टाकले, दुकानातल्या कॅमेऱ्याला चालेल म्हणून.

मग आज्जींनी समयसाराचा फोल्डर उघडायला सांगितला.

सारी प्रवचने जागच्या जागी होती. पण प्रत्येक नावापुढे असणारी बरोबरची खूण कुठेच नव्हती. पाहिलेले आणि न पाहिलेले, सगळे एकसारखे कोरे. आज्जी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"आप्पा कुठवर आले होते, ते आता कळायचं नाही का रे?"

नातवाला उत्तर सुचेना. "फायली सगळ्या आहेत आज्जी, एकही गेली नाही," तो म्हणाला. ते खरेच होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

घरोघरी हीच गल्लत होते, म्हणून ती नीट समजून घेण्याजोगी आहे. अशा यंत्रात तीन वस्तू वेगवेगळ्या नांदत असतात. पहिली म्हणजे कार्यक्रम. लिबरइलेकमध्ये तो कार्डाच्या पहिल्या भागात, मुख्यतः कर्नेल आणि सिस्टीम अशा दोन फायलींत असतो. दुसरी वस्तू म्हणजे यंत्राची स्मृती: काय पाहिले, कुठे थांबले, कोणती पूरके घातली, अक्षर केवढे ठेवले. ही कार्डाच्या दुसऱ्या भागात राहते. ज्यांच्याकडे ट्यूनर जोडून थेट वाहिन्या पाहतात त्यांची वाहिन्यांची यादीही इथलीच. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष चित्रणे, आणि ती डिस्कवर. अद्ययावत करणे याचा खरा अर्थ पहिली वस्तू बदलणे, दुसरीला धक्का न लावता. मंदिराच्या जीर्णोद्धारात शिखर उतरवून नवे बांधतात, पण म्हणून गाभाऱ्यातील मूर्ती कुणी नवी आणत नाही. नातवाने केले ते अद्ययावत करणे नव्हतेच. ते शेजारच्या मोकळ्या जागेवर दुसरे मंदिर बांधणे झाले.

सरळ मार्ग याहून सोपा होता. लिबरइलेकचे यंत्र घरातल्या नेटवर्कवर दिसते आणि त्यात अपडेट नावाचा फोल्डर असतो. आपल्या यंत्राच्या प्रकाराची नवी फाइल त्यात ठेवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. पाय 4 ची फाइल वेगळी, पाय 5 ची वेगळी. चुकीची ठेवली तर यंत्र ती तपासून नाकारते. पुढची काही मिनिटे वीज जाऊ द्यायची नाही, एवढेच पथ्य. आपल्याकडे पावसाळ्यात हे पथ्य पाळणे महावितरणच्या हाती असते, हा भाग निराळा.

नवी आवृत्ती भर घालते तशी काही काढूनही नेते, हेही ध्यानात ठेवलेले बरे. 2015 मध्ये ज्यांनी आपला संगणक विंडोज 10 वर नेला, त्यांच्या यंत्रातून मीडिया सेंटर हा टीव्ही पाहण्याचा आणि मुद्रित करण्याचा कार्यक्रम पुसला गेला. कोडीची 19वी आवृत्ती फेब्रुवारी 2021 मध्ये आली, तेव्हा पायथन 2 या जुन्या भाषेत लिहिलेली आणि पुढे कुणी सुधारून न दिलेली पूरके तिच्यावर चालेनाशी झाली. लिबरइलेकच्या दहाव्या आवृत्तीने तर पहिल्या पिढीच्या पायचा आधारच सोडला. ज्याचे यंत्र जुने आहे आणि काम बिनतक्रार चालले आहे, त्याने शेजाऱ्याने केले म्हणून अद्ययावत करण्याचे कारण नाही. या घरी मात्र कारण होते.

वडिलांनी खिशातून कार्ड काढले. नातवाने ते लॅपटॉपला लावले आणि पडद्यावर सूचना उमटली की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? अनेकांचे होत्याचे नव्हते होते ते याच क्षणी. कार्डाचा दुसरा भाग लिनक्सच्या पद्धतीने आखलेला असतो. विंडोजला तो वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते रिकामे आहे असे समजून ते पुसायची परवानगी मागते. नातवाने कार्ड काढून घेतले.

जुने कार्ड पुन्हा यंत्रात गेले. जुना पडदा आला, आणि फोल्डरात खुणाही आल्या. त्रेसष्ट प्रवचनांपुढे बरोबरची खूण, चौसष्टाव्यापुढे अर्धवटाची. कोडी नव्वद टक्के ऐकून झाले की ते पूर्ण मानतो. पहिल्या तीन मिनिटांतच थांबवले तर ती जागा धरत नाही. एरवी थांबल्या जागेचा सेकंदही टिपून ठेवतो. वहीच्या पुढची दोन पूर्ण आणि एक अपुरे, इतके आप्पा लिहिणे सुटल्यावर चालले होते. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

"आत्ता कुणी काही दाबू नका," आज्जी म्हणाल्या.

पुढचे काम रात्री साडेदहापर्यंत चालले. ही सारी नोंद 'मायव्हिडिओज' नावाच्या एकाच फाइलीत असते आणि तिच्या नावाला आवृत्तीगणिक आकडा असतो. जुनीचा 119, नवीचा 131. नातवाने जुनी फाइल नेटवर्कवरून लॅपटॉपवर घेतली आणि आधी तिच्या दोन नकला केल्या. मग नवे कार्ड लावून जुनी फाइल त्यावर ठेवली, यंत्र सुरू केले. तरी पडदा कोराच. नवी 131 ची फाइल हजर असली की कोडी मागे वळून पाहत नाही, हे ध्यानात यायला अर्धा तास गेला. कोडी थांबवून ती नवी, रिकामी फाइल काढून टाकली. आता 131 सापडत नाही म्हणताच कोडीने 119 शोधली, तिची प्रत करून नव्या साच्यात घातली आणि मूळ तशीच ठेवली. डिस्कचे नाव आप्पांनी दिलेलेच होते, बदललेले नव्हते, म्हणून प्रत्येक खूण आपापल्या फाइलीला जाऊन चिकटली.

त्या घरात श्रुतपंचमीला कपाटातले ग्रंथ बाहेर काढून, झटकून, नवी वेष्टने घालण्याची चाल आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरचे धवला शतकानुशतके एकाच ठिकाणी बंद होते. त्यांच्या नकला झाल्या तेव्हा कुठे 1939 मध्ये अमरावतीहून त्याचा पहिला छापील खंड निघू शकला, ही गोष्ट आप्पा दर ज्येष्ठ शुद्ध पंचमीला सांगत आणि त्याच दिवशी डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करीत. कार्डात काही जपण्यासारखे आहे हे मात्र त्यांनाही सुचले नव्हते. लिबरइलेकच्या सेटिंगमध्ये त्यासाठी बॅकअपची सोय आहे. तिची फाइल त्याच कार्डावर पडते, तेव्हा ती उचलून दुसरीकडे ठेवल्याखेरीज तिचा उपयोग नाही. नातवाने ती दुसऱ्या डिस्कवर ठेवली आणि डिस्कच्या डब्यात तशी चिठ्ठी लिहून टाकली. जुने कार्ड वडिलांनी परत मागितले नाही. ते आप्पांच्या वहीत, एकसष्टाव्या प्रवचनाच्या पानाशी ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे नातू पुण्याला निघाला. अष्टान्हिकेच्या पहिल्या संध्याकाळी आज्जींनी स्वतः रिमोट हाती घेतला. चौसष्टावे प्रवचन निवडताच पडद्यावर दोन पर्याय आले, सदतिसाव्या मिनिटापासून पुढे किंवा पहिल्यापासून. त्यांनी चष्मा सारखा केला, वरचा पर्याय निवडला आणि सुनेला आप्पांची वही आणि पेन आणायला सांगितले.