बयाणा, तारीख आणि वही

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली की खानदेशात आखाजीची लगबग सुरू होते. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक मुहूर्त. त्यामुळे जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा येथील मंगल कार्यालये कितीतरी आधीच ठरलेली असतात. त्याच दिवशी वर्षीतपाची पारणी होतात. उसाच्या रसाने तप पूर्ण होतानाचा तो क्षण छायाचित्रात जपावा, असे तपस्व्याच्या घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. दिवस एक आणि मागणारी घरे अनेक! फोटो स्टुडिओ चालविणाऱ्याच्या व्यवहाराची खरी कसोटी अशाच तारखेला लागते.

किराण्याच्या दुकानातील माल संपला, तर दुसऱ्या दिवशी मागविता येतो. छायाचित्रकाराचा माल म्हणजे त्याचा दिवस. तो एकदा दिला की कोणत्याही घाऊक बाजारातून परत आणता येत नाही.

एक उदाहरण कल्पावे. वडिलांनी जळगावच्या दुकानात बसून एका घराचा बयाणा घेतला आणि गल्ल्याजवळच्या डायरीत तारीख लिहिली. त्याच संध्याकाळी मुलगा धुळ्यातील लग्नात काम करीत असता, त्याने तीच तारीख दुसऱ्या घरास दिली; बयाणा यूपीआयने त्याच्या मोबाइलवर जमा झाला. दोन्ही नोंदी खऱ्या, दोघांचाही हेतू शुद्ध. परंतु डायरी आणि मोबाइल यांची गाठ पडली नाही. लग्न तीन आठवड्यांवर आल्यावर एका घरास सांगावे लागते, ‘दुसरा माणूस पाठवितो.’ जळगाव आणि धुळे यांमध्ये सुमारे नव्वद किलोमीटरचे अंतर आहे. एकाच मुहूर्तावर दोन्हीकडे एक मनुष्य उभा राहू शकत नाही. बयाणा परत करता येतो, मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत. आणि व्यापारी घराण्यात एकदा गेलेला शब्दही सहजासहजी परत येत नाही.

कलेला एकांत मानवतो. जळगाव जिल्ह्यातीलच चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी वर्षानुवर्षे आपल्या घरातच राहून अपूर्व छायाचित्रे घडविली. लग्नसमारंभाचे छायाचित्रण मात्र चारचौघांतला व्यवसाय आहे; त्यास कलेइतकीच वहीचीही गरज असते. आजच्या काळात ती वही म्हणजे सॉफ्टवेअर.

व्यापाऱ्यास सॉफ्टवेअर परके वाटावे असे काही नाही. आज गावोगावच्या पेढ्यांत दिसणारे टॅली हे व्यापाराच्याच गरजेतून जन्मले. कापड गिरण्यांना यंत्रांचे भाग पुरविणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या हिशेबासाठी योग्य साधन मिळेना, म्हणून गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे पुत्र भरत यांनी ते तयार केले. ही १९८६ च्या सुमाराची गोष्ट. पित्याची अडचण आणि पुत्राचे ज्ञान एकत्र आले, हेच त्या यशाचे मर्म होय.

स्टुडिओसाठीच्या बुकिंग सॉफ्टवेअरचे तत्त्वही रोजमेळ-खतावणीचेच आहे. प्रत्येक ऑर्डरला एक पान. त्यावर तारीख, ठिकाण, कोणते विधी टिपायचे, कॅमेरा कोणाकडे, व्हिडिओ कोणाकडे, ठरलेली रक्कम, आलेला बयाणा, राहिलेली बाकी आणि अल्बमची निवड, छपाई व सुपूर्ती कोठवर आली याची नोंद. तारीख भरली की वडिलांच्या संगणकावर आणि मुलाच्या मोबाइलवर ती एकाच वेळी भरलेली दिसते. आरंभी विकतचे सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नसेल, तर दोघांत सामायिक असे मोबाइलमधील कॅलेंडरही पुरते.

पैशाची बाजू अधिक सूक्ष्म आहे. बयाणा हातात आला म्हणजे कमाई झाली, असे समजणे ही चूक होय. काम होईपर्यंत ती रक्कम ग्राहकाचे देणे असते. तुळशीविवाहानंतर घेतलेला बयाणा आणि आखाजीचे लग्न यांच्यामध्ये ३१ मार्च येतो. सर्व रक्कम जमेस धरून नवा कॅमेरा घेणारा स्टुडिओ पुढच्या वर्षीचे काम उधारीवर करतो. जीएसटीचा नियम मात्र वेगळा आहे. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की सेवा देणाऱ्यास नोंदणी करावी लागते. छायाचित्रणावर १८ टक्के कर आहे आणि सेवेच्या बाबतीत बयाणा मिळाला त्या कालावधीतच त्यावरील कर देय होतो. रोखीचेही भान हवे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या तरतुदीनुसार एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, मग ती हप्त्याहप्त्याने घेतलेली का असेना. आणि दंड स्वीकारणाऱ्यास, तितक्याच रकमेपर्यंतचा. प्रत्येक हप्ता त्या ऑर्डरच्या पानावर चढत असेल, तर ही बेरीज वेळीच डोळ्यांसमोर येते.

अशा नोंदींचा लाभ बँकेच्या दारातही होतो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते; तरुण गटातील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून ही मर्यादा २० लाख झाली आहे. तथापि ‘काम भरपूर आहे’ हे तोंडी सांगणे अधिकाऱ्यास पुरत नाही. पुढील सहा महिन्यांच्या ऑर्डरी, आलेले बयाणे आणि येणे बाकी यांचा तक्ता समोर ठेवता आला, तर तेच काम बोलू लागते.

तरीही एक गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी नातलग म्हणतो, ‘आपल्या मुलीचे तुम्हीच करायचे,’ आणि वडील मान डोलावतात. घरचेच आहेत, मग बयाणा कसला आणि नोंद कसली? तारखांचे घोटाळे अनेकदा येथूनच सुरू होतात. परक्याची ऑर्डर पावतीसह लिहिली जाते. आपल्या माणसाची मनात राहते आणि मनाला तारीख स्मरत नाही. म्हणून घरात एकच नियम असावा: नोंद झाल्याशिवाय तारीख दिली असे कोणीही समजू नये, मग देणारे वडील असोत वा मुलगा, घेणारा परका असो वा सख्खा भाचा. ग्राहक म्हणून जाणाऱ्या कुटुंबांनीही ओळखीवर न विसंबता पावती मागून घ्यावी. त्यात संकोचाचे कारण नाही.

दिवाळीस वहीपूजन करणाऱ्या समाजास हे नव्याने सांगावे लागू नये. वहीचे रूप पालटले, कागदाच्या जागी काच आली. परंतु लिहिलेले पाळावे आणि पाळायचे ते लिहावे, हा पेढीचा जुना धर्म तोच आहे.